फाइल दुसरीकडे उघडी आहे

सकाळी आप्पा जागे झाले की राजमती त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी येऊन थांबायची. आत जायची नाही. आधी त्यांनी तिच्याकडे बघायचं, कपाळाला आठी घालायची, मग आठी सैल सोडून म्हणायचं, "काय गं राजी, चहा टाकला न्हाईस का अजून?" एवढं ऐकलं की तिच्या जिवात जीव यायचा. लग्न टिकलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला 'राजी' म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. आणि हे माणूस उद्या सकाळी आपल्याला ओळखेल की नाही, हे एका फाइलवर अवलंबून होतं. हसू नका. थोड्या वर्षांनी तुमच्या-आमच्या घरातही हेच चालणार आहे.

आप्पा म्हणजे राजमतीचे वडील, आदगोंडा मगदूम; मिरजेच्या आसपासच्या खेड्यांत पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा नावाजलेला माणूस. मोटार खाली विहिरीत आणि हे वर काठावर, नुसत्या आवाजावरून दोष सांगायचे. स्वभाव असा कडक की पोटच्या पोरांनीही हाक मारताना दोनदा विचार करावा. या माणसाला म्हातारपणी मेंदूज्वर झाला, आणि ताप उतरला तेव्हा सकाळी जेवलेलं दुपारी आठवेना.

आपल्या मेंदूत कानाच्या पातळीवर, आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. दिवसभरात जे जे घडतं ते तो तात्पुरतं धरून ठेवतो आणि आपण झोपलो की थोडं थोडं करून मेंदूच्या बाकीच्या भागात पोचतं करतो. जुन्या आठवणींना अधूनमधून उजाळा द्यायचं कामही बरंचसं त्याचंच. आप्पांचा हा भाग तापात जळून गेला. मग मिरजेतल्या एका रुग्णालयात त्यांच्या डोक्यात 'धारिणी' बसवली. धारिणी म्हणजे केसाहून बारीक तारांची जाळी. ती दिवसभर मेंदूतले संकेत टिपते आणि रुग्णालयातल्या मोठ्या संगणकाकडे पाठवते. तिथं त्यांचा अर्थ लागतो, ते 'पाया' नावाच्या फाइलमध्ये नोंदले जातात, आणि माणूस झोपला की तेच संकेत उलटे मेंदूत सोडले जातात. मेंदूला वाटतं, आपलंच आपल्याला आठवलं.

यात आणखी एक सोय होती, 'भरणी' नावाची. आजारपणात ज्या आठवणी पुसट झाल्या, त्या घरच्यांनी बोलून, फोटो दाखवून 'पाया'मध्ये घालायच्या. कोणत्या चेहऱ्याशी कोणती आठवण जोडायची याची सूचीही त्याच फाइलमध्ये असायची. भरणी एकदा रात्रीतून मेंदूत गेली की ती सांगितलेली गोष्ट राहत नाही, ती अनुभवलेली होते.

राजमती त्याच रुग्णालयाच्या संगणक विभागात कामाला होती. त्यामुळं तिची भरणी तिथल्याच संगणकावरून चालायची. धाकटा भाऊ भूपाल पुण्याला, तो आपल्या लॅपटॉपवरून करायचा. इथवर सगळं ठीक होतं.

मग एका सकाळी आप्पांनी आठी घातली ती सोडलीच नाही. ओळखलं त्यांनी तिला, पण आदला आख्खा दिवस गायब. दुसऱ्या दिवशी तेच. राजमतीनं कामावर जाऊन आधी फाइल बघितली. पडद्यावर सरळ लिहिलेलं होतं: 'फाइल दुसरीकडे उघडी आहे. वापरणारा: भूपाल.'

तिनं फोन लावला. "भूपाल, आप्पांची फाइल उघडी टाकून कुठं हिंडतोयस?"

"अक्का, मी परवाच बंद केली. लॅपटॉप पण मिटून ठेवलाय."

"मग इथं तुझं भूत बसलंय का? तू अडवून बसल्यावर रात्री धारिणीला लिहायला मिळत नाही. दोन दिवस गेले त्यांचे!"

"माझ्यावर कशाला ओरडतीस? तुमच्या मशिनीला विचार ना."

तिनं मशिनीलाच विचारलं. भूपालच्या लॅपटॉपची जोडणी मध्येच तुटली होती. माणूस गेला होता आणि त्याचं कुलूप तिथंच लटकत राहिलं होतं. तिनं ते हातानं काढलं. चार दिवसांनी पुन्हा लटकलं. मग ती खोलात शिरली तेव्हा खरी भानगड कळली.

एका फाइलमध्ये दोघांनी एकदम लिहू नये म्हणून कुलूप असतं. पण हे कुलूप सगळीकडे एका जातीचं नसतं. रुग्णालयातले संगणक ज्या प्रणालीवर चालतात तिथं कडी असते. एकजण आत गेला की कडी लागते, बाहेरच्यानं कितीही ढकललं तरी दार उघडत नाही. भूपालच्या लॅपटॉपची प्रणाली निराळी. तिथं कडी नाही, तिथं खाकरायची रीत आहे. आत जाताना खाकरायचं, आतून कुणी खाकरलं तर थांबायचं. पण ऐकून न ऐकल्यासारखं करून कुणी आत शिरलाच, तर त्याला अडवणारं काही नाही. दोन्ही रीती आपापल्या घरात बिनबोभाट चालतात. घोटाळा होतो तो दोन्ही घरांचं न्हाणीघर एकच असलं की. म्हणून मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम बसवलेला होता. कुणी इकडं खाकरलं की तो तिकडं कडी लावायचा. फक्त खाकरणारा निघून गेल्याचं त्याला कधीकधी कळायचं नाही, मग ती कडी तशीच राहायची.

धारिणीच्या कंपनीतले इनामदार फोनवर म्हणाले, "मॅडम, हे सगळीकडे होतंय. नवीन दुभाषा येतोय. तोवर एक करा, त्या फाइलपुरतं कुलपाचं भाषांतर बंद करून टाका. तक्रार बंद होईल."

"आणि दोघांनी एकदम लिहिलं तर?"

"तुम्ही बहीण-भाऊ दोघंच तर आहात. आपसात ठरवून घ्या की!"

तिनं भाषांतर बंद केलं. त्या खात्यात सगळे हेच करायचे. तात्पुरतं म्हणून बंद करायचं, तक्रार मिटली की पुढच्या कामाला लागायचं. ते तात्पुरतं वर्षभर तसंच राहायचं.

आता वेळ ठरवायची तर घड्याळानं ठरवता येईना. आप्पा पक्के जैन, दिवस बुडायच्या आत जेवणार म्हणजे जेवणार. उन्हाळ्यात जेवण उशिरा, थंडीत लवकर. जेवण उरकलं, शेजारच्या काकी येऊन बसल्या की राजमती पाच मिनिटांवरच्या रुग्णालयात जाऊन भरणी करायची. म्हणजे तिची वेळ सूर्याच्या मागं सरकायची. भूपालची त्याच्या ऑफिसच्या मागं. शेवटी तोच म्हणाला, "अक्का, आपण मिस्ड कॉल देऊया. एक दिला की मी उघडतोय. दुसरा दिला की बंद केली. उचलायचा नाही."

"हे बरं आहे," ती म्हणाली. आणि खरंच बरं चाललं. कंपनीच्या दुभाष्याला जे जमलं नव्हतं ते एका फुकटच्या रिंगनं जमवलं. दोघं एरवी महिनोन्महिने बोलत नसत, पण आता रोज एकमेकांची रिंग ऐकत. कामाच्या गडबडीत त्याची रिंग वाजली की तिला उगीच बरं वाटायचं. आहे बाबा, माझा भाऊ आहे.

आप्पांना दिवस आठवायला लागले. काकींची नात शाळेत पहिली आली हे आठवलं. गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची मोटार घरघरते, तिचं बेअरिंग गेलंय, हे त्यांनी लागोपाठ चार दिवस आठवणीनं सांगितलं. राजमतीला वाटलं, जिंकलो.

आणि मग एका सकाळी चहा पिता पिता आप्पा सहज म्हणाले, "तुजी आई गेली तवा भूपाल उशाशी हुता न्हवं. हात धरून बसला हुता पोरगा. लई रडला."

राजमतीनं बशी खाली ठेवली. भूपाल नव्हता. आई गेली तेव्हा उशाशी राजमती होती, एकटी. भूपालला तिनं तीन रात्री फोन केले होते, आणि तो आला तो थेट स्मशानात. त्या दिवसापासून आप्पांनी पोराशी धड शब्द टाकला नव्हता. पुण्याहून आला की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला पायजे? मी हुतो की तितं. डोळ्यानं बघितलंय."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रुग्णालयात जाऊन तिनं भरण्यांची यादी उघडली. भूपालची होती. शांत आवाजात, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं त्यानं ते खोटं रचून सांगितलं होतं.

"लाज नाही वाटली तुला?" तिनं फोनवर विचारलं. "माझ्या आईचं मरण चोरतोस?"

भूपाल म्हणाला, "अक्का, परवा व्हिडिओ कॉलवर त्यांनी मला 'बाळ' म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एवढं एक राहू दे ना. तुझं काय जातंय?"

"माझं काय जातंय? तिचे पाय चेपत बसले ती मी. तोंडात पाणी घातलं ते मी. तिथं आता तू बसलायस, आणि मी त्यांच्या डोक्यात कुठंच नाही! आणि विचारतोस काय जातंय?"

"तुझ्याकडं रोजची सकाळ आहे. रोज तुला ओळखतात. मला काय आहे?"

"तू कमावलंस काय म्हणून असेल?" असं म्हणून तिनं फोन आपटला, आणि त्याच रागात त्याचा नंबर बंद करून टाकला. ब्लॉक. एक बोट लावायचं काम. मिस्ड कॉलची तेव्हा तिला आठवणही झाली नाही. नंतर झाली, पण तोवर तिनं मनाशी ठरवलं होतं की भूपाल आता कुठला भरणी करतोय, तोंड काळं झालंय त्याचं. म्हणून तिनंही रिंग देणं सोडलं. भाषांतर पुन्हा चालू करावं असंही एकदा मनात आलं. पण कडी पुन्हा अडकली तर आप्पांचे दिवस जातील, म्हणून ते तसंच राहिलं.

भूपालची भरणी तिला खोडता येईना. ज्याची भरणी त्यानंच खोडायची, असा नियम होता. तिनं आपली वेगळी, खऱ्या गोष्टीची भरणी केली. पण आप्पांच्या डोक्यात दोन्ही राहिल्या. कधी उशाशी भूपाल, कधी राजी. ते गोंधळायचे.

पर्युषण संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. कळत-नकळत वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची त्या दिवशी हात जोडून माफी मागायची, 'उत्तम क्षमा' म्हणायचं. एरवी वाकड्यात असलेली माणसंही त्या दिवशी फोन करतात. राजमतीनं सकाळपासून सगळ्यांना फोन केले. मावशीला केला, नवऱ्याच्या घरच्यांनाही केला, इनामदारांना मेसेज टाकला. भूपालच्या नावापाशी अंगठा आला, थबकला आणि पुढं सरकला. त्यानं आधी करावा, तिला वाटलं. दिवसभर तिनं वाट पाहिली, आणि फोन वाजला नाही म्हणून तिचं मन आणखी कडू झालं. नंबर आपणच बंद केलाय हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. राग आला की माणसाला ठाऊक असलेलंही दिसत नाही, एवढंच.

आप्पांचं जेवण झालं. ती रुग्णालयात गेली आणि फाइल उघडली. आज हे कायमचं पक्कं करून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. आईची शेवटची रात्र तिनं पहिल्यापासून सांगितली. उशाशी मीच होते. हात मीच धरला होता. शेवटचं पाणी मीच पाजलं. बोलता बोलता ती हुंदके देऊन रडली. तेही नोंदलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उंबऱ्याशी उभी राहिली. आप्पांनी बघितलं. ओळखलं. आणि दोन्ही हातांनी पांघरूण छातीशी धरून ते भिंतीला सरकले.

"जवळ यिऊ नगंस," ते म्हणाले. "तू मारलंस तिला."

"आप्पा?"

"उशाशी तू हुतीस. पाणी तूच पाजलंस. तूच म्हणालीस, माझी चूक झाली, मला क्षमा करा. माझ्यापुढं रडून कबूल केलंस!" म्हाताऱ्यानं पांघरूण आणखी वर ओढून घेतलं. "काय घातलंस गं त्या पाण्यात?"

दुपारी धारिणी बसवणाऱ्या डॉक्टर पुजारींनी फाइल उघडून तिच्यापुढं ठेवली. बाई मोजकं बोलणाऱ्या. आदल्या संध्याकाळी एकाच वेळी दोघांनी 'पाया' फाइल उघडली होती. कडी नव्हती, खाकरणं कुणाला ऐकू गेलं नव्हतं. रुग्णालयातल्या संगणकानं दोघांचंही लिहून घेतलं, जसं येईल तसं, एक तुकडा हिचा, एक तुकडा त्याचा. 'उशाशी मीच होते' तिचं होतं. 'माझी चूक झाली, मला क्षमा करा' त्याचं. मधली जोडणी फाइलनं आपली आपण केली, आणि सूचीत सगळ्यापुढं चेहरा लागला तो राजमतीचा.

"जुनी प्रत असेल ना? ती परत घाला," राजमती म्हणाली. हा तिचाच धंदा होता. जुनी प्रत असतेच.

"आहे. फाइल आत्ता परत आणता येईल. पण रात्री हे मेंदूत जाऊन बसलंय, राजमती. मेंदूची जुनी प्रत कुठून आणू?"

डॉक्टरांचा फोन गेल्यावर भूपाल रातोरात गाडी चालवून आला. तो रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसला तेव्हा राजमतीनं त्याची गचांडीच धरली. "काय लिहिलंस? कशाला लिहिलंस? मिस्ड कॉल का नाही दिलास?"

"दिला," तो म्हणाला. "सकाळपासून फोन करत होतो. उत्तम क्षमा म्हणायला. लागत नव्हता. संध्याकाळी मिस्ड कॉल दिला. तुझा काही आला नव्हता, म्हणून समजलो फाइल मोकळी आहे." त्यानं खिशातला फोन काढून तिच्यापुढं धरला. "ते खोटं मी काढून टाकत होतो, अक्का. मी नव्हतो तिथं, असं सांगत होतो आप्पांना. माफी मागत होतो."

तिनं त्याची कॉलर सोडली. दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी त्या घरात पहिल्यांदा कुणी खोटं बोललं नव्हतं.

त्यांनी उपाय करून बघितले, नाही असं नाही. जुनी फाइल घातली. भूपालनं भरणी केली की अक्कानं काही केलं नाही, अक्का देवमाणूस आहे. पण नवीन जे जाई ते त्याच फाटक्या जागी जाऊन चिकटे. आप्पा म्हणू लागले, भूपालही तिला सामील आहे. तिच्या हातचं पाणी घेईनात. ताट सरकवून द्यायचे. काकींनी भरवलं तर दोन घास खायचे आणि दाराकडे बघत राहायचे. रोज रात्री धारिणी इमानेइतबारे दिवसाची भीती टिपून घ्यायची आणि झोपेत पुन्हा पक्की करायची. रोज सकाळी भीती आदल्या दिवसापेक्षा ताजी असायची. अंगावरचं मांस उतरलं त्यांच्या.

"एकच रस्ता आहे," डॉक्टर पुजारी म्हणाल्या. "धारिणी बंद करायची. उजाळा मिळाला नाही की हे हळूहळू विझेल."

"आणि बाकीचं?" भूपालनं विचारलं.

"तेही विझेल. आजारानंतर तुम्ही दोघं त्यांच्या डोक्यात टिकून आहात ते धारिणीमुळं. काय ठेवायचं आणि काय घालवायचं, हे आपल्याला निवडता येणार नाही."

"म्हणजे आम्हाला ओळखणार नाहीत."

"भिणारही नाहीत."

राजमती खिडकीपाशी गेली. तिला ओरडावंसं वाटत होतं, की मला भ्यायलेले चालतील, माझा तिरस्कार केलेला चालेल, पण मी कोण ते त्यांना ठाऊक असू द्या. खुनी म्हणून का होईना, आप्पांच्या डोक्यात मी असू द्या. ती हे बोलली नाही. बोलली असती तर भूपालनं 'तू म्हणशील तसं' म्हणून तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्याला उपाशी मारलं असतं. तिनं मागं वळून एवढंच विचारलं, "दोघांची संमती लागते का?"

"लागते."

"लिहून घ्या," ती म्हणाली. भूपालनं मान हलवली. या एका गोष्टीवर बहीण-भावाचं एकमत झालं.

धारिणी बंद झाली. आप्पा आधी तिचं नाव विसरले. मग पाण्याची गोष्ट विसरले. मग भीती गेली. दिवाळी होऊन गेल्यावर एका दुपारी त्यांनी राजमतीच्या हातून भाकरीचा तुकडा घेतला, चावला, आणि मान हलवून म्हणाले, "चांगली झालीया." ती मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडली.

भूपालनं ऑफिसला सांगून मिरजेलाच मुक्काम टाकला होता. दुपार कलली की दोघं आप्पांना अंगणात खुर्चीवर बसवत आणि त्यांच्या दोन बाजूंना बसत. त्या दिवशीही तसेच बसले होते. आप्पांनी थोडा वेळ हिच्याकडे बघितलं, थोडा वेळ त्याच्याकडे. चेहरा निवळलेला, कुणा परक्या घरी पाहुणा म्हणून गेल्यावर असतो तसा.

"तुमी कुठल्या, बाई?"

"इथल्याच."

"आणि ह्ये?"

"माझा भाऊ."

"बरं हाय. भाऊ-बहीण मिळून हाईसा, बरं दिसतं." ते थोडे थांबले. "घरी कोण असतं?"

राजमतीनं भूपालकडे बघितलं. त्यानं मान खाली घातली होती.

"वडील आहेत," ती म्हणाली. "म्हातारे झालेत."

"अरारा! आणि त्येस्नी एकट्याला टाकून हितं बसलाय व्हय दोगं बी?" आप्पांचा आवाज एकदम चढला, जुना, कडक आवाज. "तुमची वाट बघत असतील की वो ते. उठा. माझं काय न्हाई, माझं चाललंय. जावा, आदी बापाकडं जावा."

"जातो," भूपाल म्हणाला.

दोघंही उठले नाहीत. आप्पांनी आपली समजूत करून घेतली की पाहुणे निघाले, आणि त्यांनी निरोपाचे हात जोडले, आधी तिला, मग त्याला.